सर्व्हरला नाव विचारलं, तर तो कुठलं नाव सांगतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या दोन मशीन आहेत, एक टेस्टची, एक प्रॉडक्शनची (जिच्यावर खरं काम चालतं). दोन्हींवर 'सिलेक्ट @@सर्व्हरनेम' चालवलं की एकच नाव येतं. रिमोट डेस्कटॉपची परवानगी नाही, मशीन सांभाळणारी इन्फ्राची टीम बाहेरची, तिकीट टाकलं की उत्तर कधी येईल याचा भरवसा नाही. हातात फक्त क्वेरी विंडो. तेवढ्यावरून आपण कुठल्या मशीनवर आहोत, तिचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) काय, पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) कुठला, हे कसं शोधायचं?

(खाली कमांड आणि फंक्शनं देवनागरीत लिहिली आहेत. विंडोत ती अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.)

तुम्ही विचारलंय नाव कसं शोधू, पण तुमची खरी धास्ती वेगळी असावी असं मला वाटतं. उद्या एखादा अपडेट चालवायचा आहे आणि तो नको त्या सर्व्हरवर चालला तर काय, ही. म्हणून उत्तर त्या बाजूने देतो. नुसतं नाव हवं असतं, तर एका ओळीत संपलं असतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. 'सर्व्हर' या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगळ्या वस्तू कोंबतो. तुम्ही कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे जोडणीसाठी लिहिलेल्या ओळीत, जी हाक मारली ते एक नाव. ज्या मशीनवर प्रोग्राम चालतोय तिचं विंडोजमधलं नाव दुसरं. त्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हरच्या दोन-तीन इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रती, असू शकतात, तर त्यांतल्या आपल्या इन्स्टन्सचं नाव तिसरं. नेटवर्कवरचा पत्ता आणि पोर्ट चौथा. आणि आतला डेटा खरा की कॉपी, हा प्रश्न तर या सगळ्यांहून वेगळा. यातली कुठलीही गोष्ट बाकीच्यांना न कळवता बदलू शकते. जुन्या वाड्यात भाडेकरू बदलतो, पाटी तीच राहते, आणि पोस्टमन पत्रं मात्र बरोबर टाकत असतो, तसला प्रकार.

तुमचं @@सर्व्हरनेम म्हणजे ती पाटी. एसक्यूएल सर्व्हर इन्स्टॉल झाला तेव्हा मशीनचं जे नाव होतं ते सिस.सर्व्हर्स या यादीत शून्य क्रमांकाच्या ओळीत लिहून ठेवलं जातं, आणि हे फंक्शन तिथलंच नाव वाचून दाखवतं. पुढे कोणी विंडोजमध्ये मशीनचं नाव बदललं, तरी ती ओळ आपोआप बदलत नाही. टेस्टची मशीन प्रॉडक्शनच्या व्हर्च्युअल मशीनवरून क्लोन करून उभी केली असेल (बहुतेक ठिकाणी तसंच करतात), तर क्लोन केल्यावर नेटवर्कवर भांडण नको म्हणून विंडोजचं नाव बदललं जातं, पण सिस.सर्व्हर्समधल्या ओळीकडे कोणी बघत नाही. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

ताडून बघायला दोन नावं शेजारी शेजारी मागवा: सिलेक्ट @@सर्व्हरनेम, सर्व्हरप्रॉपर्टी('सर्व्हरनेम'). दिसायला दोन्ही सारखी, पण दुसरं फंक्शन मशीनचं आत्ताचं नाव आणि इन्स्टन्सचं नाव जोडून देतं. दोन्ही जुळली तर पाटी आणि घरमालक एकच. जुळली नाहीत तर दुसऱ्यावर विश्वास ठेवा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय त्यामागे स्वतः खाल्लेली एक ठेच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वित्तसंस्थेच्या कामावर होतो. टेस्टवर खऱ्या ग्राहकांचे फोन नंबर राहू नयेत म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली होती, सगळे नंबर पुसून त्या जागी दहा वेळा नऊ भरणारी. ती प्रॉडक्शनवर चुकून चालू नये म्हणून वर पहारा बसवला: @@सर्व्हरनेम जर प्रॉडक्शनच्या नावाइतकं असेल तर थांब. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग प्रॉडक्शनचं हार्डवेअर बदललं. नवी मशीन आधी तात्पुरत्या नावाने उभी केली, त्यावर एसक्यूएल सर्व्हर टाकला, आणि शनिवारी रात्री जुनी मशीन बंद करून नवीला जुनं नाव दिलं. बाहेरून सगळं जसंच्या तसं. आतल्या यादीत मात्र ते तात्पुरतं नावच राहिलं. पुढच्या आठवड्यात कोणीतरी चुकीच्या विंडोत माझी स्क्रिप्ट चालवली. पहारेकऱ्याने पाटी वाचली, पाटीवर प्रॉडक्शन लिहिलेलं नव्हतं, त्याने दार उघडून दिलं. रात्रीच्या बॅकअपवरून तो एक टेबल परत आणला, दिवसभरात बदललेले नंबर शाखांना फोन करून गोळा केले. विंडो चुकवणाऱ्याला सगळे बोलले. पण पहारा कच्चा मी बसवला होता.

त्या दिवसापासून दोन सवयी लावून घेतल्या. एक, @@सर्व्हरनेमवर कुठलाही निर्णय सोडायचा नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची: 'प्रॉडक्शन असेल तर थांब' असं कधी लिहायचं नाही, 'टेस्ट असल्याची खात्री पटली तरच पुढे जा' असं लिहायचं. पहिल्या प्रकारात अनोळखी नाव आलं की काम पुढे जातं. दुसऱ्यात अनोळखी नाव आलं की थांबतं.

आता सर्व्हरप्रॉपर्टी हे फंक्शन जरा नीट बघू, कारण तुमचं निम्मं काम तिथेच होईल. 'मशीननेम' दिलं की विंडोजमधलं मशीनचं नाव मिळतं. 'इन्स्टन्सनेम' दिलं की इन्स्टन्सचं, पण डिफॉल्ट इन्स्टन्स असेल तर नल, म्हणजे रिकामं मूल्य, येतो. घाबरू नका, तिथे नल म्हणजे 'वेगळं नाव दिलेलं नाही' एवढंच. गंमत अशी की प्रॉपर्टीचं स्पेलिंग चुकलं तरी हे फंक्शन एरर देत नाही, तेव्हाही नलच देतं. नव्या मुलांचा यात तासन् तास वेळ गेलेला मी पाहिलाय. तेव्हा नल दिसला की आधी स्पेलिंग तपासा. आणि हे मूल्य एसक्यूएल व्हेरियंट या प्रकारात येतं, दुसऱ्या मजकुराला जोडायचं असेल तर आधी कास्ट करून, म्हणजे मजकुरात बदलून, घ्यावं लागतं.

'कॉम्प्युटरनेमफिजिकलनेटबायोस' अशी एक लांबलचक प्रॉपर्टी आहे. साध्या, एकट्या मशीनवर ती आणि मशीननेम सहसा सारखंच सांगतात. फरक पडतो क्लस्टरवर, म्हणजे एक मशीन (नोड) पडली की दुसरी काम उचलते (हाच फेलओव्हर) अशा जोडीवर. फेलओव्हर क्लस्टरमध्ये मशीननेम हे आभासी नाव देतं, दोन्ही नोडसाठी तेच. ही लांब प्रॉपर्टी मात्र या घटकेला इन्स्टन्स ज्या लोखंडावर चालू आहे त्या नोडचं नाव देते, आणि फेलओव्हर झाला की बदलते. म्हणजे 'रात्री नोड बदलला का?' याचं उत्तर इथे आहे. फक्त ते नेटबायोसचं नाव असतं आणि त्याला १५ अक्षरांची मर्यादा आहे. ठिकाण-विभाग-ॲप्लिकेशन-प्रॉडक्शन-०१ अशी नावं ठेवायची हौस असलेल्या कंपनीत शेवटचे अंक कापले जाऊन ०१ आणि ०२ सारखेच दिसू शकतात.

आणि एक फंक्शन असं, ज्याच्या नादी अजिबात लागू नका: होस्ट_नेम(). नाव वाचून कुणालाही वाटेल की हा सर्व्हरचा होस्ट. तसं नाही. ते तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं नाव असतं, म्हणजे क्लायंटचं. शिवाय ते क्लायंट प्रोग्रामच सर्व्हरला सांगतो, त्यामुळे कनेक्शन स्ट्रिंगमध्ये वर्कस्टेशन आयडी म्हणून काहीही लिहून पाठवता येतं. याच्यावर ऑडिट उभं केलेलं मी पाहिलंय, आणि त्या ऑडिटच्या तक्त्यात एका मशीनचं नाव 'बाप्पा' होतं.

पत्त्याकडे येऊ. आयपी आणि पोर्टसाठी कनेक्शनप्रॉपर्टी हे फंक्शन वापरा: कनेक्शनप्रॉपर्टी('लोकल_नेट_ॲड्रेस') आणि कनेक्शनप्रॉपर्टी('लोकल_टीसीपी_पोर्ट'). इथे 'लोकल' म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं. सोबत 'नेट_ट्रान्सपोर्ट' हेही मागवाच. ते टीसीपी (नेटवर्कची नेहमीची वाट) असेल तर पत्ता आणि पोर्ट मिळतील. शेअर्ड मेमरी किंवा नेम्ड पाइप (जोडणीच्या दुसऱ्या वाटा) असेल तर दोन्ही नल. तुम्ही सर्व्हरवर नाही आहात म्हणता, तेव्हा बहुधा टीसीपीच असेल. एखाद्या सहकाऱ्याने त्याच मशीनवर बसून तीच क्वेरी चालवली आणि त्याला नल आला, तर भांडू नका, तो शेअर्ड मेमरीतून आत गेलाय. सर्व्हरच्या नावाआधी 'टीसीपी:' जोडून परत कनेक्ट केलं की त्यालाही पत्ता दिसेल.

हीच माहिती सिस.डीएम_एग्झेक_कनेक्शन्स या व्ह्यूमध्येही आहे, सेशन_आयडी = @@एसपीआयडी अशी अट घालून आपली ओळ काढायची. बरेच जण पहिल्यांदा तेच सुचवतील. पण त्याला व्ह्यू सर्व्हर स्टेट ही परवानगी लागते (२०२२ च्या आवृत्तीपासून त्या परवानगीचे आणखी बारीक तुकडे केलेत), आणि तुमच्या वर्णनावरून ती तुमच्याकडे असेल असं वाटत नाही. कनेक्शनप्रॉपर्टीला तसली परवानगी लागत नाही. म्हणून ते आधी.

मिळालेला आयपी खरा मानायचा का? इथे मला 'अवलंबून आहे' म्हणावं लागतं. सर्व्हर सांगतो तो पत्ता म्हणजे कनेक्शन त्याच्या दारात ज्या पत्त्यावर येऊन पोचलं तो. मध्ये लोड बॅलन्सर (कनेक्शनं वाटून देणारा) किंवा नॅट (पत्ता बदलून पुढे पाठवणारं) असेल, तर तुम्ही ज्या पत्त्यावर हाक मारली तो आणि हा वेगळे असतील, आणि दोन्ही आपापल्या जागी खरेच. डॉकरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये), चालणारा एसक्यूएल सर्व्हर १७२.१७ ने सुरू होणारा पत्ता सांगेल, कारण डॉकरचं डिफॉल्ट ब्रिज नेटवर्क त्याच पट्ट्यात असतं. तो पत्ता बाहेरून पिंग करत बसू नका. त्याच कंटेनरमध्ये मशीननेम विचारलं तर आकडे-अक्षरांची एक निरर्थक माळ येईल, तो कंटेनरचा आयडी. कंटेनर नव्याने बनवला की तोही बदलतो.

उलट बाजूचंही एक सांगतो. तुम्ही ज्या नावाने हाक मारली ते नाव सर्व्हरला क्वेरीतून विचारायची सोय नाही. तुमच्या कॉम्प्युटरवरची नावं आणि पत्ते जुळवणारी होस्ट्स फाइल, डीएनएसमधलं टोपणनाव, एसक्यूएल क्लायंटची अलायस (टोपणनावांची) यादी, यांतलं काहीही तुमची हाक वळवून दुसरीकडे नेऊ शकतं आणि सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. म्हणूनच तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता मी शेवटपर्यंत खुली ठेवीन: दोन मशीन एकच नाव सांगत नसून, तुमच्या दोन्ही विंडो एकाच मशीनवर उघडल्या आहेत! हसू नका. जुन्या अलायसमुळे 'टेस्ट' म्हणून प्रॉडक्शनवर महिनाभर काम केलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे.

याचा निकाल लावायला नावं लागतच नाहीत. पहिल्या विंडोत एक ग्लोबल टेम्पररी टेबल बनवा, म्हणजे नावाआधी दोन हॅश असलेला, समजा ##खूण_१७. विंडो बंद करू नका. दुसऱ्या विंडोत जाऊन त्यातून सिलेक्ट करा. दिसला तर दोन्ही विंडो एकाच इन्स्टन्सवर आहेत, कारण असा टेबल इन्स्टन्सभर दिसतो, पण इन्स्टन्सची वेस ओलांडत नाही. टेबल सापडत नाही अशी एरर आली तर इन्स्टन्स वेगळ्या. कुठलीही खास परवानगी नको, कुणाला विचारायला नको, आणि पहिली विंडो बंद केली की खूण आपोआप पुसली जाते. क्लोन, अलायस, लोड बॅलन्सर, कशानेही ही परीक्षा फसत नाही. (अझ्यूर एसक्यूएल डेटाबेसवर मात्र असा टेबल फक्त त्या डेटाबेसपुरताच दिसतो.) व्ह्यू सर्व्हर स्टेट मिळालीच, तर सिस.डीएम_ओएस_सिस_इन्फो मधला एसक्यूएलसर्व्हर_स्टार्ट_टाइम बघा. सेकंदाच्या अंशापर्यंत तीच वेळ असलेल्या दोन वेगळ्या इन्स्टन्स मिळणं कठीण.

पोर्टबद्दल थोडं जास्त, कारण तिथे लोक नाहक अडकतात. डिफॉल्ट इन्स्टन्स सहसा १४३३ वर असते. नाव दिलेल्या इन्स्टन्सला सहसा डायनॅमिक पोर्ट मिळतो, आणि तो कुठला हे सांगायचं काम एसक्यूएल ब्राउझर ही सर्व्हिस यूडीपी १४३४ वर करते. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा वर्म याच यूडीपी १४३४ मधून जगभर पसरला, आणि त्यानंतर पुष्कळ ठिकाणी तो पोर्ट फायरवॉलवर जो बंद झाला तो कायमचाच. अशा ठिकाणी मशीनचं नाव, बॅकस्लॅश, इन्स्टन्सचं नाव लिहून कनेक्ट होत नाही. पण स्वल्पविराम देऊन पोर्ट लिहिला की लगेच होतं. म्हणून एकदा आत शिरलात की लोकल_टीसीपी_पोर्ट टिपून ठेवा. सर्व्हर एकूण कुठकुठे कान लावून बसलाय हे सिस.डीएम_टीसीपी_लिसनर_स्टेट्स मध्ये दिसतं (२०१२ पासून, परवानगी लागते). त्यात १२७.०.०.१ आणि १४३४ दिसलं तर ती ॲडमिनची राखीव खिडकी आहे, आणि डेटाबेस_मिररिंग प्रकाराची ओळ, बहुतेक वेळा ५०२२ वर, ती आरशातल्या भावंडांशी, म्हणजे याच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांशी, बोलण्यासाठी. दोन्ही तुमच्या कामाच्या नाहीत.

कोणी सांगेल, एक्सपी_सीएमडीशेल चालू कर, त्यातून आयपीकॉन्फिग चालव, सगळं कळेल. कळेल खरं. पण ती सोय २००५ पासून मुळातच बंद करून दिली जाते ती उगाच नाही. ती उघडणं म्हणजे डेटाबेसमधून थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वयंपाकघरात वाट काढणं. एक पत्ता विचारायला भिंत पाडायची गरज नाही.

तुमच्याकडे ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर रेप्लिका, म्हणजे प्रती, म्हणून ठेवायची व्यवस्था) असेल तर कथेत आणखी एक पात्र येतं, लिसनर, म्हणजे त्या ग्रुपचं सामाईक नाव. तुम्ही लिसनरला हाक मारता, उत्तर देतो त्या घटकेचा प्रायमरी, म्हणजे मुख्य रेप्लिका. बाकीच्या सेकंडरी. @@सर्व्हरनेम इथे रेप्लिकाचं नाव देईल, लिसनरचं नाही, आणि ते योग्यच आहे. प्रायमरीवर आहोत का हे सिस.एफएन_एचएडीआर_इज_प्रायमरी_रेप्लिका या फंक्शनला डेटाबेसचं नाव देऊन विचारता येतं, उत्तर १ आलं तर हो. मी स्वतः डेटाबेसप्रॉपर्टीईएक्स ला 'अपडेटेबिलिटी' विचारतो. रीड_ओन्ली आलं तर सेकंडरीवर आहोत असं बहुतेक वेळा निघतं. रिपोर्टवाले 'ॲप्लिकेशन इंटेंट रीड ओन्ली' (फक्त वाचायचं आहे) लिहूनही प्रायमरीवरच भार टाकत असतात तो याच क्वेरीने पकडता येतो. त्यांनी कनेक्शन स्ट्रिंगमध्ये डेटाबेसचं नाव लिहिलेलं नसतं, आणि ते नसेल तर लिसनर त्यांना सेकंडरीकडे वळवतच नाही.

आवृत्ती हवी असेल तर @@व्हर्जन. त्याच्या शेपटीला कंसात 'हायपरव्हायझर' दिसलं तर मशीन व्हर्च्युअल आहे. नुसता आकडा हवा तर सर्व्हरप्रॉपर्टी('प्रॉडक्टव्हर्जन'): १५ ने सुरू झाला तर २०१९, १६ ने तर २०२२. 'इंजिनएडिशन' ५ आलं तर तुम्ही अझ्यूर एसक्यूएल डेटाबेसवर आहात. तिथे @@सर्व्हरनेम हे लॉजिकल सर्व्हरचं नाव असतं, आणि त्यामागची मशीन शोधण्यात वेळ घालवू नका, ती तुमची नाहीच.

एसक्यूएल सर्व्हर सोडून बाकीच्या डेटाबेसांबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण हा प्रश्न तिथेही तसाच पडतो, म्हणून धावतं सांगतो.

मायएसक्यूएलमध्ये सिलेक्ट @@होस्टनेम, @@पोर्ट, @@सर्व्हर_यूयूआयडी. इथलं होस्टनेम खरंच सर्व्हरचं असतं, सर्व्हर सुरू होताना मशीनकडून घेतलेलं. यूयूआयडी (सर्व्हरचा एकमेव ओळख-क्रमांक) ५.६ पासून आहे आणि डेटा डिरेक्टरीतल्या ऑटो.सीएनएफ या फाइलमध्ये बसतो. अख्खी डिरेक्टरी उचलून दुसरीकडे ठेवली की यूयूआयडीही जुळा होतो, आणि त्या दोघांत रेप्लिकेशन (एकाकडचा डेटा आपोआप दुसऱ्याकडे नेणं) जोडायला गेलात की ते नकार देतं. ती फाइल बाजूला करून सर्व्हर पुन्हा सुरू केला की नवा यूयूआयडी मिळतो. मायएसक्यूएलचा खरा चकवा मात्र 'लोकलहोस्ट' हा शब्द आहे. लिनक्सवर त्याचा कमांड-लाइन क्लायंट लोकलहोस्ट म्हटलं की टीसीपीने जातच नाही, त्याच मशीनवरच्या सॉकेट फाइलमधून जातो, तुम्ही दिलेल्या पोर्टकडे ढुंकूनही न बघता. एसएसएच टनेल (दूरच्या मशीनपर्यंतचा सुरक्षित बोगदा) ३३०७ वर उघडून, 'लोकलहोस्ट, पोर्ट ३३०७' लिहून, आपण दूरच्या सर्व्हरवर आहोत अशा समजुतीत माणूस स्वतःच्या लॅपटॉपवरच्या मायएसक्यूएलमध्ये टेबल उडवत असतो. त्या वेळी तरी लॅपटॉपच असतो हे नशीब. लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहा, आणि आत गेल्या गेल्या @@होस्टनेम बघा.

पोस्टग्रेसमध्ये मशीनचं नाव सांगणारं फंक्शन मुळात नाही. इनेट_सर्व्हर_ॲडर() आणि इनेट_सर्व्हर_पोर्ट() आहेत, युनिक्स सॉकेटमधून गेलात तर तिथेही नल. मला आवडतो तो पीजी_कंट्रोल_सिस्टम() मधला सिस्टम_आयडेंटिफायर, ९.६ पासून क्वेरीने मिळणारा. इनिटडीबी करताना, म्हणजे डेटाबेस पहिल्यांदा उभा करताना, जन्मलेला हा आकडा स्ट्रीमिंग रेप्लिकांमध्ये तोच राहतो आणि डंप घेऊन दुसरीकडे रिस्टोअर केलं तर वेगळा असतो. म्हणजे हा घराण्याचं नाव सांगतो, व्यक्तीचं नाही. भावंडांतला कोण हे पीजी_इज_इन_रिकव्हरी() आणि पत्ता यांवरून ठरवा.

ऑरॅकलमध्ये व्ही$इन्स्टन्स बघायची परवानगी नसेल तर सिस_कॉन्टेक्स्ट('यूजरएन्व्ह', 'सर्व्हर_होस्ट') कुणालाही चालतं. त्याच कुटुंबातलं 'होस्ट' मात्र क्लायंटचं, वर सांगितलेलाच घोटाळा.

आता तुमच्याकडे परत. मी तुमच्या जागी असतो तर आधी ##वाली परीक्षा घेतली असती, पाच मिनिटांचं काम. इन्स्टन्स एकच निघाली तर शोध तिथेच थांबवून स्वतःच्या कॉम्प्युटरवरची अलायस यादी आणि होस्ट्स फाइल उघडली असती. वेगळ्या निघाल्या तर दोन्हीकडे एकच क्वेरी चालवली असती: @@सर्व्हरनेम, सर्व्हरप्रॉपर्टीची सर्व्हरनेम, मशीननेम आणि कॉम्प्युटरनेमफिजिकलनेटबायोस, कनेक्शनप्रॉपर्टीचे ट्रान्सपोर्ट, पत्ता आणि पोर्ट. सात रकाने, एक ओळ. ती ओळ दोन्हीकडची एकाखाली एक ठेवली की कोण कुठला हे दिसेल. सर्व्हरप्रॉपर्टीची नावंही दोन्हीकडे तीच आणि पत्ते मात्र वेगळे, असं झालं तर दोन मशीन वेगवेगळ्या, एकमेकांना न दिसणाऱ्या नेटवर्कमध्ये खरोखरच एकाच नावाने नांदत आहेत. अशा वेळी पत्ता हाच आधार.

पाटी चुकीची निघाली तर ती बदलून घ्या, पण ते काम ॲडमिनचं. एसपी_ड्रॉपसर्व्हर ने जुनं नाव काढायचं, एसपी_ॲडसर्व्हर ला नवं नाव आणि 'लोकल' द्यायचं, आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. रीस्टार्ट केल्याशिवाय @@सर्व्हरनेम जुनंच दाखवत राहतं, आणि 'बदललं, पण झालं नाही' अशी तक्रार येते ती नव्वद टक्के वेळा यामुळेच. रेप्लिकेशन असेल तर मात्र हात लावू नका, तिथे मशीनचं नाव बदलणंच मान्य नाही. आधी रेप्लिकेशन उतरवावं लागतं. फेलओव्हर क्लस्टरवरही ही वाट नव्हे. शिवाय तिकिटातच लिहा, की नाव बदलल्यावर मेंटेनन्स प्लॅन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी बॅकअपसारखी कामं) उघडून आतलं कनेक्शन तपासायचं आहे. तिथे जुनं नाव चिकटून राहतं आणि बॅकअप रात्री गुपचूप फसतो.

तोवर, म्हणजे तिकिटाचं उत्तर येईपर्यंत, टेस्टच्या डेटाबेसमध्ये एक छोटा टेबल बनवून घ्या, एकच ओळ, 'हा टेस्ट आहे'. उद्याच्या अपडेटच्या वर अट घाला की तो टेबल सापडला आणि सर्व्हरप्रॉपर्टीचं मशीननेमही टेस्टचं असलं, तरच पुढे. दोन्ही अटी हव्यात, कारण टेस्टचा बॅकअप कुणी कधी प्रॉडक्शनवर रिस्टोअर केला, तर ती ओळही त्याच्याबरोबर जाईल. उलट प्रॉडक्शनचा बॅकअप टेस्टवर आणलात, की टेबल गायब झालेला असेल आणि स्क्रिप्ट थांबेल. तेव्हा वैतागून अट काढून टाकू नका, रिस्टोअरच्या स्क्रिप्टच्या शेवटी तो टेबल पुन्हा बनवायची ओळ घाला. आणि मॅनेजमेंट स्टुडिओत कनेक्ट करताना पर्यायांमध्ये स्टेटस बारला रंग द्यायची सोय आहे. माझा प्रॉडक्शन लाल असतो.